चौथ्या दोरीवरची चिठ्ठी

बॉस्को अंकलना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. एकतीस वर्षं ते चर्चची घंटा वाजवतायत, आणि दोर ओढताना मोठी घंटा त्यांच्या डावीकडे येते. त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडे बसावं लागतं.

हे मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. मी डावीकडे बसून अर्धा तास निबंधलेखनावर बोलले. ते मान हलवत होते. मला वाटलं, त्यांना पटतंय.

मग ऑड्रे आंटी, त्यांची बायको, चहा घेऊन आली.

"गो, त्या बाजूला बस," ती म्हणाली. "हिकडून त्याला फक्त माजी हाक ऐकू येते. ती पन जेवायची."

मी कप उचलला, उजवीकडे गेले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

माझं नाव नीलम. मी पेणकरपाड्यात राहते. मराठी घेऊन एम.ए. केलं आणि मीरा रोडच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला भाषा शिकवते. अंकलची मुलगी क्रिस्टल ही माझी कॉलेजातली मैत्रीण. ती आता दोहाच्या विमानतळावर काम करते. तिथून तिचा मेसेज आला. पप्पांना एक निबंध लिहायचाय, तेवढा बघ. मी हसले. अंकल सातवी शिकलेले. आधी होडीवर होते, आता जाळी विणतात आणि घंटा वाजवतात. त्यांना निबंध कशाला?

कारण असं होतं. उत्तनला समुद्राच्या कडेला त्यांचं गाव, आणि गावच्या चर्चमध्ये घंटेला मोटर बसणार होती. बटण दाबलं की घंटा वाजणार. कमिटीचे सेक्रेटरी कार्ल अंकल. ते बँकेतून रिटायर झालेले, सगळं कागदावर मागणारे. ते बॉस्को अंकलना म्हणाले, "घंटांचे प्रकार किती, कुठली कधी, किती ठोके, सगळं चार पानांत लिहून दे. मशीनमध्ये तेच भरायचं. मोटर बसली की दोर काढणार, तो मोटरीत अडकतो म्हणतात. मशीनला जमणार नाही असं काही असेल, तर तेही लिही. कमिटीला पटलं तर बघू दोराचं."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी मीटिंग होती. आमच्या हातात तीन रविवार होते.

"दोर रायला पायजे," अंकल मला पहिल्याच दिवशी म्हणाले.

"का?"

"रायला पायजे."

मी जास्त विचारलं नाही. मला निबंधाची घाई होती.

त्यांनी आधीच काही लिहून ठेवलं होतं. जुन्या कॅलेंडरची पानं, मागची कोरी बाजू. अक्षर मोठं, सरळ. एकाखाली एक सतरा घंटा. सकाळची घंटा. मोठी घंटा. लग्नाची घंटा. आगीची घंटा. लहान मुलाची घंटा. बिशप आलेले तेव्हाची घंटा. पावसातली घंटा.

"पावसातली म्हणजे?"

"दोर भिजतो. जड होतो. दोन मानसांचा जोर लागतो."

"पण ऐकणाऱ्याला ती वेगळी कळते का?"

त्यांनी विचार केला. "न्हाय. मना, वाजवनाऱ्यालाच कळते."

मी त्यांना समजावलं. वर्गात समजावते तसंच. प्रकार पाडायचे तर निकष एकच हवा. तुम्ही एकदा वेळ धरलीत, एकदा घंटेचा आकार धरलात, एकदा प्रसंग धरलात. लग्न सकाळी असलं आणि मोठी घंटा वाजवली, तर ती कुठे टाकणार?

"तिन्हीकडं."

"एकीकडेच टाकायची."

"मंग तू सांग, कुटं?"

मी म्हटलं, आधी ठोके लिहून काढू.

इथे दुसरी अडचण आली. टेबलाशी बसून त्यांना ठोके आठवत नव्हते. बाई वारली तर किती? दहा, ते म्हणाले. मग आठ म्हणाले. मग पेन ठेवून दिलं आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत बसले. तळहात जाळ्याच्या सुताने आणि दोराने घासून गुळगुळीत झालेत. रेषा शोधाव्या लागतात.

ते उठले. जाळ्याचा जाड नायलॉनचा दोर आणला आणि पडवीच्या वाशावरून सोडला. दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी बांधली. मग पाय फाकवून उभे राहिले आणि ओढायला लागले. डोळे मिटलेले. पिशवी वर-खाली होत होती. मी मोजत होते.

"बाई," मी म्हणायचे. नऊ.

"पुरुष." बारा.

"लहान मूल." त्यांनी दोर एका हातात घेतला, नुसतं मनगट हलवलं. सहा.

ऑड्रे आंटी दारात उभी राहून बघत होती. "आता फळी पन बांध," ती म्हणाली. "म्हातारपनी झुलायला झोपाला झाला."

"मोजू दे गो."

"तीस वर्सं मोजतोय. घरातल्या चमच्यांचा हिशेब लागत न्हाय याला."

सतरा घंटांचे ठोके त्या दुपारी माझ्या वहीत उतरले. शंका आली तिथे मी पुन्हा विचारलं. हात दर वेळी तेच सांगत होते. तोंड मात्र तीनदा चुकलं.

दुसऱ्या रविवारी मी भाईंदरहून बस पकडली. मुर्धा आलं, जुनी मिठागरं आणि त्यांच्या मागचे नवे टॉवर गेले, तोवर माझ्या डोक्यात आराखडा तयार होता. निकष प्रसंगाचा घ्यायचा. धार्मिक, कौटुंबिक, सार्वजनिक. तीन प्रकार, स्वच्छ. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

अंगणात गेले तर अंकल बोंबलांच्या मांडवाखाली उभे होते. बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या, त्यावर बोंबील वाळत घातलेले. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात. रस्त्याकडच्या चार दोऱ्यांवर मात्र काही जोड्यांच्या जबड्यांत कागदाच्या चिठ्ठ्या होत्या.

"आधी नुसत्या लटकवल्या," अंकल म्हणाले. "वाऱ्यानं उडाल्या. बोंबील सोडत न्हाय."

"माज्या बोंबलांना शालेत घातलंय," आतून आवाज आला. "विकायला नेईन तर गिऱ्हाईक इचारेल, कितवी पास?"

मी चिठ्ठ्या वाचायला लागले. एकेका चिठ्ठीवर एकेक घंटा. पहिल्या दोरीवर मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, लग्न, मुलांच्या धर्मशिक्षणाचा कॅटेकिझमचा वर्ग, सण, बिशप. दुसऱ्या दोरीवर सकाळ-दुपार-संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटा आणि मरणाच्या सगळ्या. तिसऱ्या दोरीवर आग, आणि होडी संकटात आहे तेव्हाची.

मला निकष कळेना. लग्न आणि कॅटेकिझम एकत्र कसे? प्रार्थना आणि मरण?

"अंकल, हे कशावरून केलंत?"

"पायावरून."

"कुणाच्या?"

"ऐकनाऱ्याच्या." त्यांनी पहिल्या दोरीला हात लावला. "ही ऐकली की मानूस चर्चकडं चालायला लागतो." दुसरी दोरी. "ही ऐकली की हाय तितं थांबतो. बाया डोकीवरची पाटी खाली ठेवतात." तिसरी. "ही ऐकली की धावतो."

मी पुन्हा पहिल्या दोरीपासून चिठ्ठ्या वाचल्या.

मी पाच वर्षं साहित्य शिकले. दोन वर्षं हा प्रकार पाडण्याचा निबंध शिकवतेय. निकष एक हवा, प्रकार एकमेकांत घुसता कामा नयेत, काही बाहेर राहता कामा नये. मी फळ्यावर हे लिहिते, मुलं वहीत उतरवतात आणि मग फळांचे प्रकार, मित्रांचे प्रकार लिहून आणतात. घंटेचे प्रकार घंटेकडे न बघता, ऐकणाऱ्याच्या पायांकडे बघून करायचे, हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. माझा धार्मिक-कौटुंबिक-सार्वजनिक आराखडा मी पिशवीतून बाहेरच काढला नाही.

"पावसातली घंटा कुठे गेली?"

"फेकली. ती माजी हाय, ऐकनाऱ्याची न्हाय."

मग माझं लक्ष चौथ्या दोरीकडे गेलं. तिथे एकच जोडी होती आणि तिच्या जबड्यांत एकच चिठ्ठी. तिच्यावर लिहिलं होतं, दर्याची.

"ही कुठली?"

"गेविन गेला तवाची." गेविन हा त्यांचा धाकटा भाऊ. चौदा वर्षांपूर्वी होडीवरून गेला, एवढं मला क्रिस्टलकडून माहीत होतं.

"म्हणजे मरणाचीच ना?"

"तशी... मरनाचीच."

"किती वेळा वाजवलीत?"

"एकदाच."

मी तेव्हा काय बोलले ते मला अजून आठवतं. मी म्हटलं, "अंकल, एकट्या चिठ्ठीचा प्रकार होत नाही. प्रकार म्हणजे अनेकांचा गट. ही दुसऱ्या दोरीवर घ्या, मरणाच्या घंटांत. निबंध नीट दिसेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बोंबलाच्या तोंडातली चिठ्ठी काढली. मला वाटलं, दुसऱ्या दोरीवर लावतील. त्यांनी तिची घडी केली आणि शर्टच्या खिशात ठेवली.

तिसऱ्या रविवारी निबंध तयार होता. फुलस्केपची चार पानं. मी शुद्धलेखन बघायला म्हणून पेन काढलं आणि पेन हातातच राहिलं. सुरुवात अशी होती:

"घंटा दोन आहेत, एक मोठी, एक लहान. वाजवणारा एक आहे. वेगळे आहेत ते ऐकणारे. म्हणून मी घंटांचे प्रकार ऐकणाऱ्यांच्या पायांवरून केले आहेत."

पुढे तिन्ही प्रकार, ठोक्यांसकट. आणि मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, जी मी त्यांना शिकवलीच नव्हती. प्रकार पाडून झाल्यावर त्यांनी एक घंटा घेतली आणि तिचे भाग केले. आमच्या पुस्तकात याला विभागणी म्हणतात. त्यांनी लिहिलं होतं:

"मरणाची घंटा एक वाटते, पण तिचे तीन तुकडे आहेत. पहिला तुकडा तीन ठोक्यांचा. तो सांगतो, हातातलं काम ठेवा. दुसरा तुकडा गप्प राहण्याचा. मनात एक 'आमच्या बापा' प्रार्थना म्हणून होईल एवढा. तिसरा तुकडा सांगतो कोण गेलं. पुरुषाला बारा, बाईला नऊ. लहान मुलाला लहान घंटेवर सहा. मशीनवाल्यांनी दुसरा तुकडा विसरू नये. तिथे आवाज नाही, पण तो तुकडा आहे."

मी ते दोनदा वाचलं. मग म्हटलं, "अंकल, हे मी वर्गात वाचून दाखवणार."

"बरं जमलंय?"

"माझ्यापेक्षा बरं."

पण ते खूश दिसेनात. जाळं मांडीवर घेऊन बसले आणि सुई चालवत राहिले. मी पानं पुन्हा चाळली. दर्याची घंटा कुठेच नव्हती. मरणाच्या घंटांतही नव्हती. आणि मशीनला जमणार नाही असंही काही नव्हतं. सगळं जमण्यासारखं, ओळीने, नीट लिहिलेलं. हा कागद कमिटीला दिला तर दोर त्याच आठवड्यात निघाला असता.

मी कप ठेवायला आत गेले. ऑड्रे आंटी तांदूळ निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, "गेविनची घंटा काडायला तू सांगितलीस?"

"काढायला नाही. दुसरीकडे घ्यायला सांगितली."

"तितं ती बसत न्हाय."

"का?"

तिने सूप बाजूला ठेवलं. "पुरुषाला ठोके किती?"

"बारा."

"गेविनला अकरा वाजवले याने."

मला कळलं नाही.

"दर्यात गेलेला मानूस मिळाला न्हाय, तर शेवटचा ठोका देत न्हाईत," ती म्हणाली. "याच्या बापानं याला शिकवलेलं. मानूस किनाऱ्याला लागला, की मंग जाऊन एक ठोका द्यायचा. तवा ती घंटा पुरी होते. मिस्सा झाली, वरीस झालं, कबरस्थानात नावाचा खुरूस लावला. ठोका न्हाय दिला. चौदा वर्सं झाली."

"गावाला हे माहीत आहे?"

"म्हाताऱ्यांना होतं. ते गेले. बाकीचे म्हनतात, भावाच्या दुःखात बॉस्को मोजायला चुकला."

"अंकलनी सांगितलं नाही कुणाला?"

"कोनी इचारलं न्हाय." तिने सूप पुन्हा ओढलं. "तू पन कुटं इचारलंस?"

ती हे रागाने म्हणाली नाही. म्हणूनच मला ते जास्त लागलं.

मी बाहेर आले आणि अंकलच्या उजवीकडे जाऊन बसले. "माझं चुकलं," मी म्हटलं. "ती घंटा ऐकून माणूस काय करतो?"

सुई थांबली. "वाट बघतो."

"येत नाही, थांबत नाही, धावत नाही?"

"न्हाय. जालं टाकतो, बाजारला जातो, जेवतो. पन बघत रायतो. दर्याकडं."

"मग तो चौथा प्रकार आहे. निकष तोच आहे तुमचा, पायांचा. फक्त हे पाय चालत असतात आणि मान वळलेली असते."

"तू म्हनलीस, एकट्या चिठ्ठीचा होत न्हाय. पुस्तकात तसं हाय ना?"

"आहे."

"पुस्तक लिवनारा कुटचा?"

"इंग्लंडचा असेल."

"त्यांच्याकडं पन दर्या हाय ना?"

मी हसले. तेही हसले. मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. तोच शर्ट. चिठ्ठीला बोंबलाचा वास होता. चौथं पान अर्धं कोरं होतं. त्यांनी तिथे लिहायला घेतलं आणि मी हललेसुद्धा नाही. वीस मिनिटांत सहा ओळी झाल्या.

मीटिंग मिस्सेनंतर चर्चच्या हॉलमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, अकरा माणसं, मशीनच्या कंपनीचं रंगीत पत्रक. ऑड्रे आंटी मागच्या खुर्चीवर, मी तिच्या शेजारी. अंकल उभे राहून वाचत होते. पुस्तकी मराठी त्यांच्या तोंडात जरा अडखळत होती, पण आवाज मोठा होता. कमी ऐकू येणाऱ्यांचा असतो तसा. गप्प राहण्याच्या तुकड्यापाशी ते खरंच गप्प राहिले, एक 'आमच्या बापा' होईल एवढे. पुढच्या रांगेतल्या एका बाईचे ओठ हललेले मी पाहिले.

मग शेवटचं पान.

"चौथा प्रकार, वाट बघायला लावणारी घंटा. ही एकच आहे. दर्यात गेलेला माणूस सापडला नाही, तर पुरुषाला अकरा ठोके. बारावा हातात ठेवायचा. तो सापडेल त्या दिवशी द्यायचा. हा ठोका मशीनमध्ये भरू नये. मशीन बारा वाजवेल नाहीतर अकरा वाजवेल. पण अकरा वाजवून बारावा लक्षात ठेवणार नाही. त्यासाठी दोर हवा."

ते बसले.

कार्ल अंकलनी चष्मा काढला. "अकरा?" ते म्हणाले. "बॉस्को, त्या दिवशी मी मोजले होते. चर्चच्या दारात उभा राहून. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, बिचाऱ्याचा एक चुकला."

"म्हाईत हाय मना."

"तू बोलला नाहीस कधी."

"काय बोलू? गेविन अजून यायचा हाय, असं बोलू?"

मग मागून ऑड्रे आंटी म्हणाली, "चुकला म्हनून तुमी त्याला नवीन वर्साला घड्याल दिलं, कार्ल. मोजायला बरं म्हनून. ते अजून चालतंय."

एक-दोघं हसले. कार्ल अंकल हसले नाहीत. त्यांनी अंकलच्या हातातून पानं घेतली, शेवटचं पान पुन्हा स्वतःशी वाचलं आणि खाली सही केली. बँकेतल्यासारखी, तारखेसकट.

"दोर राहील," ते म्हणाले. "मोटर कुठे बसवायची ते मेकॅनिकने बघायचं."

मेकॅनिक पुढच्या आठवड्यात आला. मी मुद्दाम रजा काढून घंटेच्या मनोऱ्यात वर गेले होते. तो कुरकुरला. "अंकल, रस्सी रखोगे तो ब्रॅकेट उलटा लगाना पड़ेगा. आधा दिन और जाएगा."

"लगाओ ना," बॉस्को अंकल म्हणाले. "हम भी रुकता है."

त्याने अंकलचाच निबंध समोर ठेवून ठोके भरले. गप्प राहण्याच्या तुकड्यापाशी थांबला आणि विचारलं, इथे किती सेकंद? अंकलनी डोळे मिटले, ओठ हलवले, डोळे उघडले. मेकॅनिकने मोबाईलवर वेळ धरली होती. बावीस सेकंद. त्याने बावीस भरले.

बाराची प्रार्थनेची घंटा मशीनने वाजवली. अचूक. खाली रस्त्यावर एका बाईने पाटी टेकली. अंकल हात मागे बांधून उभे होते. पहिल्या ठोक्याला दोर ओढायला निघाल्यासारखे त्यांचे खांदे थोडे खाली आले, मग थांबले.

"बरं वाजवतं?" मी विचारलं. उजवीकडून.

"बरं वाजवतं. मना आता बाजारला जाता येईल दुपारचं."

मेकॅनिक गेल्यावर ते दोरापाशी गेले. दोर भिंतीवरच्या हुकाला गुंडाळून ठेवला होता. जिथे हात येतो तिथे तो काळा आणि चकचकीत झालाय. त्यांनी गुंडाळी सोडली आणि दोर मोकळा खाली येतो का ते बघितलं. ओढला नाही. पुन्हा गुंडाळला, पण गाठ मारली नाही. नुसता एक वेढा दिला, एका हाताने सुटेल असा.

"गाठ नाही मारत?"

"एकच ठोका द्यायचा हाय. त्याच्यासाठी गाठ कोन सोडत बसेल?"

खालून ऑड्रे आंटीची हाक आली. बोंबील उलटायचे होते. ती हाक त्यांना डाव्या कानानेसुद्धा ऐकू गेली. आम्ही खाली उतरलो.